हौशी सीएनसी राउटरमधील दुर्गम रेषीय बेअरिंगांचे वंगण : कारणमीमांसा व उपाय

सारांश

संगणक-नियंत्रित राउटर हे यंत्र आता मोठ्या कारखान्यांपुरते मर्यादित राहिलेले नाही. घरामागील शेड, सुताराचा छोटा कारखाना, नामफलक तयार करणारे दुकान, महाविद्यालयाची कर्मशाळा अशा ठिकाणी स्वतः जोडलेली अथवा सुट्या संचाच्या रूपाने विकत घेतलेली लहान यंत्रे वापरात आहेत. या यंत्रांची अचूकता प्रामुख्याने रेषीय बेअरिंगांवर अवलंबून असते. मात्र अनेक यंत्रांत काही बेअरिंगांची वंगणद्वारे पट्टीच्या, मोटारीच्या किंवा चौकटीच्या आड जातात व वर्षानुवर्षे त्यांना वंगण मिळत नाही. हौशी यंत्रातील बेअरिंग सहसा भाराने थकून नव्हे, तर कोरडेपणा, धूळ व गंज यांमुळे निकामी होते. त्यामुळे वंगण कोणते वापरावे यापेक्षा ते छर्‍यांपर्यंत पोहोचते किंवा नाही हा प्रश्न अधिक मूलभूत ठरतो, अशी मांडणी प्रस्तुत निबंधात केली असून वंगण पोहोचविण्याच्या मार्गांचे गुणदोष तपासले आहेत.

बीजशब्द : सीएनसी राउटर, रेषीय बेअरिंग, वंगण, ग्रीस, देखभाल, यंत्र-आरेखन

१. प्रस्तावना

यंत्राला आकड्यांच्या साहाय्याने आज्ञा देऊन धातू कापण्याचे प्रात्यक्षिक अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९५२ मध्ये झाले. त्यानंतर कित्येक दशके हे तंत्र केवळ मोठ्या उद्योगांच्या आवाक्यात होते. स्वस्त स्टेपर मोटारी, लहान नियंत्रक पट्ट्या आणि २००९ मध्ये सुरू झालेली ‘जीआरबीएल’सारखी मुक्त स्रोत नियंत्रण-प्रणाली यांमुळे ही परिस्थिती पालटली. आज एखादी हौशी व्यक्ती लोखंडी चौकोनी नळ्या, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या व बाजारात मिळणारे रेषीय रूळ यांच्या आधारे स्वतःचे यंत्र उभारू शकते.

यंत्र उभारणे शक्य झाले, तरी त्याची निगा राखण्याचे शास्त्र त्याच वेगाने हौशी कारागिरापर्यंत पोहोचले नाही. मोठ्या कारखान्यातील यंत्रावर मध्यवर्ती वंगणव्यवस्था असते. ठरावीक वेळाने पंप चालतो व प्रत्येक बेअरिंगला मोजके वंगण मिळते. हौशी यंत्रात ही व्यवस्था बहुधा नसते. तेथे ग्रीसगन घेऊन माणसालाच यंत्रात हात घालावा लागतो. हात जेथे पोहोचत नाही, तेथील बेअरिंग उपेक्षित राहते. एखाद्या दिवशी सागवानी फळीवर चार तास चाललेले कोरीवकाम शेवटच्या टप्प्यावर दोन मिलिमीटर सरकते आणि फळी वाया जाते. कारण मात्र फळीत किंवा आज्ञावलीत नसून, पट्टीमागे लपलेल्या कोरड्या ब्लॉकमध्ये असू शकते.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) हौशी राउटरमधील रेषीय बेअरिंगांची रचना स्पष्ट करणे, (२) ती निकामी होण्याची खरी कारणे शोधणे, (३) वंगणद्वारे दुर्गम का होतात याचे विश्लेषण करणे, (४) वंगण पोहोचविण्याच्या मार्गांचे तुलनात्मक विवेचन करणे. विवेचनाची पद्धती वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून उत्पादकांच्या माहितीपत्रकांतील सर्वसामान्य संकेत, यंत्रघटकशास्त्रातील मूलतत्त्वे आणि साधी गणिते यांचा आधार घेतला आहे. उदाहरणादाखल तीन अक्षांचे, चालत्या गॅन्ट्रीचे व २० मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर चालणारे यंत्र गृहीत धरले आहे, कारण स्वतः उभारलेल्या यंत्रांत हा नमुना बराच रूढ आहे.

३. रेषीय बेअरिंगांची रचना

फिरणार्‍या दांड्याला आधार देणारे बेअरिंग सर्वांच्या परिचयाचे आहे. रेषीय बेअरिंग सरळ रेषेतील हालचालीला आधार देते. हौशी यंत्रांत त्याचे मुख्यतः दोन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार गोल दांड्यावर सरकणार्‍या बेअरिंगचा. दंडगोलाकार कवचात छर्‍यांच्या ओळी असतात. छर्रे दांड्यावरून लोळतात व आतील वाटेने परत फिरतात. लहान मेजावरील यंत्रांत १० मिलिमीटरच्या दांड्यावर असे बंद बेअरिंग असते, तर काहीशा मोठ्या यंत्रांत खालून सलग आधार दिलेल्या दांड्यावर एका बाजूने उघडे असलेले बेअरिंग वापरतात.

दुसरा प्रकार आकारित रुळाचा. जपानमधील टीएचके या कंपनीने १९७२ मध्ये छर्‍यांवर चालणारी रेषीय मार्गिका विकसित केली आणि पुढे अनेक कंपन्यांनी तिचे आकार रूढ केले. यात कठीण पोलादाचा रूळ व त्यावर बसणारा ब्लॉक असे दोन भाग असतात. ब्लॉकमध्ये सामान्यतः छर्‍यांच्या चार ओळी असतात. ब्लॉकच्या दोन्ही टोकांना प्लॅस्टिकच्या टोप्या बसविलेल्या असतात. छर्रे या टोप्यांतून वळण घेऊन परतीच्या वाटेला लागतात. टोपीच्या बाहेर रुळाला घासून चालणारी रबरी सील असते. ग्रीस निपलचे भोक याच टोपीत असते. तेथून आत गेलेले ग्रीस वळणावरील छर्‍यांना लागते आणि छर्रेच ते पुढे संपूर्ण धावेत वाहून नेतात.

या रचनेतून एक महत्त्वाचे अनुमान निघते. वंगण ब्लॉकच्या आत टोपीच्या द्वाराने जाणे अभिप्रेत आहे. रुळावर बाहेरून चोपडलेले ग्रीस सील पुसून काढते, कारण बाहेरचे काहीही आत येऊ न देणे हेच सीलचे काम होय. रूळ तेलकट दिसतो म्हणून ब्लॉकच्या आत वंगण आहे, असे मानणे त्यामुळे चुकीचे ठरते.

४. बेअरिंग निकामी का होते?

छर्‍यांच्या रेषीय बेअरिंगचे अपेक्षित आयुष्य काढण्याचे प्रचलित सूत्र असे : बेअरिंगची गतिक भारक्षमता भागिले प्रत्यक्ष भार, या गुणोत्तराचा घन करून त्याला ५० किलोमीटरने गुणावे. २० मिलिमीटर रुळावरील ब्लॉकची भारक्षमता १७ किलोन्यूटन व एका ब्लॉकवरील भार ५०० न्यूटन, म्हणजे सुमारे ५० किलो वजनाइतका, धरू. लाकूडकाम करणार्‍या लहान यंत्राच्या दृष्टीने हा भार सढळ हातानेच धरलेला आहे. गुणोत्तर ३४ येते. त्याचा घन ३९,३०४ होतो आणि आयुष्य १९,६५,२०० किलोमीटर भरते.

आता यंत्राची चाल पाहू. मिनिटाला सरासरी ५ मीटर या वेगाने यंत्र रोज ८ तास अखंड चालले, तर दिवसाला २.४ किलोमीटर अंतर कापले जाते. वर्षाचे ३०० दिवस धरल्यास हे अंतर ७२० किलोमीटर होते. या हिशोबाने बेअरिंग अडीच हजार वर्षांहून अधिक काळ टिकावयास हवे. प्रत्यक्षात हौशी यंत्रांतील ब्लॉक काही वर्षांतच खरखरू लागतात.

ही तफावतच पुरेशी बोलकी आहे. उपरोक्त सूत्र केवळ धातूच्या थकव्याचा विचार करते, आणि तेही छर्रा व धाव यांच्यामध्ये वंगणाचा स्वच्छ थर सतत टिकून आहे असे मानून. हा थर मायक्रॉनच्या अंशाइतका पातळ असतो. तो नाहीसा झाला की धातू धातूला घासतो, सूक्ष्म कण सुटतात आणि तेच कण पुढे घासकागदाचे काम करतात. अर्थात, हौशी यंत्रातील बेअरिंगला भार मारत नाही, उपासमार मारते.

या उपासमारीला तीन गोष्टी हातभार लावतात. पहिली म्हणजे धूळ. एमडीएफची अतिबारीक भुकटी तेल शोषून घेते व सीलच्या काठाशी तिचा लगदा साचतो. दुसरी म्हणजे आर्द्रता. कोकण व गोव्यातील पावसाळ्यात उघडा पोलादी रूळ आठवडाभर बंद राहिला तरी त्यावर तांबूस डाग उमटू शकतात, आणि गंजाचा प्रत्येक ठिपका छर्‍यासाठी खड्डा ठरतो. तिसरी म्हणजे अत्यल्प चाल. छर्रा एकाच जागी पुढे-मागे डोलत राहिला, तर तेथील वंगण बाजूला सारले जाते, नवे येत नाही आणि धावेवर छर्‍यांच्या अंतराने खळगे पडतात.

परिणाम केवळ आवाजापुरता राहत नाही. बहुतांश हौशी यंत्रांत स्टेपर मोटारी प्रतिपुष्टीविना चालतात. घर्षण वाढून मोटारीने एखादे पाऊल चुकवले, तरी नियंत्रकाला त्याचा पत्ता नसतो. तो आपल्या हिशोबाने पुढेच जातो. कोरीवकाम मध्येच सरकते ते अशा वेळी.

५. दुर्गमतेची कारणे

गॅन्ट्रीच्या पायाशी असलेले लांब अक्षाचे ब्लॉक बहुधा हाती लागतात. अडचण पुढील तीन ठिकाणी येते.

पहिले ठिकाण उभ्या अक्षाचे. स्पिंडल ज्या पट्टीवर बसते तिच्या मागे रूळ व ब्लॉक दडलेले असतात. पट्टी आणि मागील आधारपट्टी यांमधील फट कित्येकदा ब्लॉकच्या उंचीइतकीच असते. वरून मोटारीची पट्टी व खालून स्पिंडलची पकड वाट अडवते.

दुसरे ठिकाण एकाच रुळावर जवळजवळ बसविलेल्या दोन ब्लॉकांमधील जागेचे. जोडणी करताना ब्लॉक हाती आले तसे रुळावर चढविले जातात. निपल आतल्या बाजूस, म्हणजे एकमेकांकडे तोंड करून राहिले, तर त्यांपर्यंत ग्रीसगनचे तोंड जाणे अशक्य होते.

तिसरे ठिकाण मेजाखालील किंवा गॅन्ट्रीच्या नळीखालील ब्लॉकांचे. धुळीपासून संरक्षण मिळावे म्हणून रूळ खाली वळविणे हे आरेखन म्हणून समर्थनीय आहे. तथापि धुळीपासून जे लपते ते देखभालीपासूनही लपते. बॉलस्क्रूच्या नटाचीही हीच कथा असते. त्याचे ग्रीसचे भोक पुष्कळदा नेमके पट्टीच्या दिशेला येते.

यांपैकी उभा अक्ष सर्वाधिक धोक्यात असतो. २० मिलिमीटर रुळावरील प्रचलित ब्लॉकची लांबी ७५ मिलिमीटरच्या आसपास असते. चाल ब्लॉकच्या लांबीच्या दुपटीहून कमी असेल तर ब्लॉकच्या दोन्ही टोकांकडून वंगण द्यावे, असा संकेत माहितीपत्रकांत आढळतो. म्हणजे १५० मिलिमीटरपेक्षा कमी चाल ही ‘अल्पचाल’ होय. अनेक हौशी यंत्रांत उभ्या अक्षाची संपूर्ण चालच याहून कमी भरते, आणि १८ मिलिमीटरची फळी कापताना प्रत्यक्ष हालचाल तर त्याच्या अष्टमांशाइतकीच होते. ज्या ब्लॉकला वंगणाची गरज सर्वाधिक, तोच सर्वांत दुर्गम असावा, हा हौशी आरेखनातील मोठा अंतर्विरोध होय.

६. वंगणाची निवड

ग्रीस म्हणजे मूळ तेल, ते धरून ठेवणारा घट्टकारक आणि काही पूरक द्रव्ये यांचे मिश्रण. स्पंज पाणी धरून ठेवतो त्याप्रमाणे घट्टकारक तेल धरून ठेवतो व थोडेथोडे सोडतो. खरे वंगणकार्य तेलच करते. ग्रीसचा घट्टपणा एनएलजीआय क्रमांकाने सांगितला जातो. क्रमांक २ चे ग्रीस लोण्यासारखे असते व बहुतेक रेषीय ब्लॉकांना चालते. क्रमांक ० व ०० ही ग्रीसे पातळ असून बारीक नळीतून वाहू शकतात. तेल वापरावयाचे असल्यास आयएसओ व्हीजी ३२ ते ६८ या श्रेणीतील तेल योग्य ठरते; हा आकडा ४० अंश सेल्सिअसला तेलाची श्यानता सेंटिस्टोक्समध्ये दर्शवितो.

ग्रॅफाइट किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे घन कण असलेले काळे ग्रीस अशा बेअरिंगांसाठी वापरू नये, असे उत्पादक सांगतात. गंज सोडविण्याच्या फवार्‍याचा पातळ थर फार काळ टिकत नाही, उलट आतील ग्रीस धुऊन काढण्याची शक्यता असते. शिलाई यंत्राचे तेल स्वच्छ असले तरी फार पातळ असल्याने ते केवळ तात्पुरती सोय होय. घरातील खोबरेल तेल सुमारे २४ अंशांखाली गोठते, आणि शेंगदाण्यासारखी इतर खाद्यतेले हवेच्या संपर्काने कालांतराने चिकट होतात. हे सर्व मोह टाळणे इष्ट.

आणखी दोन दक्षता महत्त्वाच्या आहेत. नव्या ब्लॉकमध्ये दिसणारे तेल पुष्कळदा केवळ गंजरोधक असते. त्याला वंगण समजून यंत्र चालू करू नये. तसेच निरनिराळ्या घट्टकारकांची ग्रीसे एकत्र आल्यास मिश्रण पातळ होऊन वाहू शकते वा घट्ट बनू शकते. यास्तव एकदा निवडलेले ग्रीस बदलू नये व डब्यावरील नाव यंत्रावर लिहून ठेवावे.

७. वंगण पोहोचविण्याचे मार्ग

७.१ निपलची जागा व दिशा बदलणे

सर्वांत स्वस्त उपाय जोडणीपूर्वीच करता येतो. ब्लॉकच्या दोन्ही टोप्यांना भोक असते. एकात निपल व दुसर्‍यात बंद स्क्रू असतो. त्यांची अदलाबदल करून निपल मोकळ्या बाजूस आणावे. ४५ किंवा ९० अंशांत वळलेली व लांब मानेची निपले मिळतात. काही ब्लॉकांत टोपीच्या बाजूला किंवा माथ्यावरही वंगणाची जागा असते, मात्र ती कारखान्यातून बंदच येते. ती तापविलेल्या बारीक धातूच्या टोकाने उघडावी; ड्रिल वापरल्यास कीस आत जाऊन छर्‍यांत अडकतो. माथ्यावरील जागा वापरल्यास वरच्या पट्टीत तेवढीच वाहिनी पाडून रबरी ओ-रिंगच्या साहाय्याने ग्रीस थेट पट्टीतून देता येते.

७.२ पट्टीत भोक व ‘वंगणस्थान’

यंत्र उभे राहिले असेल तर आडव्या येणार्‍या पट्टीत ८ ते १० मिलिमीटरचे भोक पाडून ग्रीसगनच्या निमुळत्या तोंडाला वाट करून देता येते. यंत्राचा अक्ष एका ठरावीक बिंदूवर आणला असता भोक व निपल एका रेषेत यावे, अशी योजना करावी. हा बिंदू यंत्राच्या मूळ निर्देशांकांत, म्हणजे ‘जी ५३’ या आज्ञेने, एका छोट्या आज्ञावलीत नोंदवून ठेवला की प्रत्येक वेळी शोधाशोध करावी लागत नाही. भोक एरवी रबरी बुचाने बंद ठेवावे. भोक पाडताना मात्र पट्टी उतरवून घ्यावी, अन्यथा उपायच अपाय ठरेल.

७.३ बोथट सुईची सिरिंज

अरुंद फटीत ग्रीसगन जात नाही तेथे बोथट सुईची सिरिंज उपयोगी पडते. येथे साधे पदार्थविज्ञान लक्षात घ्यावे. अंगठ्याचा जोर ५० न्यूटन धरल्यास सुमारे १५ मिलिमीटर व्यासाच्या १० मिलिलिटर सिरिंजमध्ये ०.२८ मेगापास्कल दाब निर्माण होतो, सुमारे ४.७ मिलिमीटर व्यासाच्या १ मिलिलिटर सिरिंजमध्ये तोच जोर जवळपास २.९ मेगापास्कल दाब देतो. मोठ्या सिरिंजमधून ग्रीस सरकत नसल्यास जोर वाढविण्याऐवजी सिरिंज लहान घ्यावी. २० मिलिमीटरच्या ब्लॉकमध्ये साधारणतः २ ते ३ घन सेंटिमीटर ग्रीस मावते, त्यामुळे लहान सिरिंज दोन-तीनदा भरली तरी काम भागते.

गोल दांड्यावरील बंद बेअरिंगला पुष्कळदा वंगणद्वारच नसते. तेथे जोडणीपूर्वी छर्‍यांच्या ओळींत बोटाने ग्रीस भरणे हा खात्रीचा मार्ग होय. पुढे दांड्यावर तेलाचा पातळ थर देऊन बेअरिंग पूर्ण चालीवर फिरवल्यास काही तेल सीलखालून आत जाते. आकारित रुळाच्या ब्लॉकलाही हा उपाय अगदीच काही नसण्यापेक्षा बरा, परंतु तो द्वारातून दिलेल्या ग्रीसची जागा घेऊ शकत नाही.

७.४ दूरनळी

कायमस्वरूपी उपाय म्हणजे ब्लॉकच्या द्वारापासून यंत्राच्या कडेपर्यंत बारीक नायलॉन नळी आणणे व सर्व नळ्यांची निपले एका पट्टीवर ओळीने बसविणे. अनेकांना हा मार्ग आकर्षक वाटतो. मात्र त्यात दोन सापळे आहेत.

पहिला सापळा रिकाम्या नळीचा. अडीच मिलिमीटर आतील व्यासाच्या व अर्धा मीटर लांबीच्या नळीत सुमारे २.४५ घन सेंटिमीटर ग्रीस मावते. म्हणजे ब्लॉकला जेवढे लागते तेवढे ग्रीस नळीच गिळते. रिकामी नळी जोडून दोन घन सेंटिमीटर ग्रीस दिले व काम झाले असे मानले, तर ब्लॉकला थेंबही मिळालेला नसतो. त्यामुळे नळी आधी टोकापर्यंत भरून घ्यावी आणि मगच ब्लॉकला जोडावी.

दुसरा सापळा फाट्याचा. एका नळीला फाटे देऊन चार ब्लॉक जोडले, तर ग्रीस सर्वांना समान मिळत नाही. ज्या वाटेला अडथळा कमी, तिकडे ते जाते. परिणामी ज्या ब्लॉकची सील झिजली आहे तो भरून वाहतो आणि घट्ट ब्लॉक कोरडा राहतो. कारखान्यातील व्यवस्थेत प्रत्येक शाखेला मोजून देणारा वितरक असतो तो याच कारणासाठी. वितरक नसेल तर प्रत्येक ब्लॉकला स्वतंत्र नळी द्यावी. नळी लांब असल्यास ० किंवा ०० क्रमांकाचे ग्रीस अथवा तेल वापरावे.

७.५ स्वयंवंगण व वंगणमुक्त पर्याय

काही उत्पादक तेलाने भिजलेला तंतुमय भाग असलेली जोडटोपी देतात. ती रुळावर तेल हळूहळू सोडते व वंगणाचा कालावधी बराच वाढविते. उभ्या अक्षासाठी नवी जोडणी करताना हा पर्याय विचारात घ्यावा. मात्र टोपीमुळे ब्लॉकची लांबी वाढते व चाल तेवढी घटते. प्लॅस्टिकच्या घसर-बेअरिंगांना वंगण लागत नाही. त्यांचा कडकपणा व अचूकता तुलनेने कमी असते. व्ही आकाराच्या चाकांवर चालणार्‍या यंत्रांत प्रस्तुत समस्या या स्वरूपात उद्भवत नाही, परंतु चाकांची झीज व त्यांचा ताण हे प्रश्न उरतात.

८. कालावधी, कार्यक्रम व सुरक्षितता

दर १०० किलोमीटर चालीनंतर पुन्हा ग्रीस द्यावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. रोज ८ तास चालणार्‍या उपरोक्त यंत्रात हे अंतर सुमारे ४२ कामाच्या दिवसांत पूर्ण होते. आठवड्यातून दोनच तास चालणार्‍या यंत्रात मात्र त्याला तीन वर्षांहून अधिक काळ लागेल. तेवढा काळ थांबणे योग्य नव्हे, कारण ग्रीसमधील तेल वेगळे होते, धूळ मिसळते, आर्द्रता शिरते. हौशी यंत्रासाठी किलोमीटरऐवजी दिनदर्शिका हे अधिक विश्वसनीय माप होय. सहा महिन्यांतून एकदा व पावसाळ्याच्या आरंभी न चुकता, असा क्रम ठेवता येईल.

कार्याचा क्रम पुढीलप्रमाणे असावा :

(१) रूळ, निपल व सीलचा काठ स्वच्छ कापडाने पुसावा. धूळ उडविण्यासाठी दाबाची हवा सीलच्या दिशेने मारू नये. ती धूळ आत ढकलते.
(२) अक्ष वंगणस्थानी आणून वीजपुरवठा पूर्णपणे तोडावा. केवळ आज्ञावली थांबविणे पुरेसे नाही.
(३) वीज जाताच जड स्पिंडल बॉलस्क्रूवरून आपल्या वजनाने खाली येऊ शकते. हात घालण्यापूर्वी त्याखाली लाकडी ठोकळा ठेवावा.
(४) ठरलेल्या मात्रेपैकी एक तृतीयांश ग्रीस हळूहळू द्यावे, हात बाहेर काढून अक्ष पूर्ण चालीवर काही वेळा फिरवावा, आणि ही क्रिया तीनदा करावी. यामुळे सर्व छर्रे द्वारासमोरून जातात. प्रत्येक खेपेस वीज तोडणे व ठोकळा लावणे विसरू नये.
(५) सीलच्या काठावर नव्या ग्रीसची बारीक कडा दिसली म्हणजे आत वंगण पोहोचले, असे समजावे. लाकूडकामाच्या यंत्रात ही जादा कडा पुसून टाकावी, अन्यथा तिला भुसा चिकटतो.
(६) दिनांक, ग्रीसचे नाव व मात्रा यांची नोंद करावी.

हाताने दाबायच्या ग्रीसगनचा दाब शेकडो बारपर्यंत जाऊ शकतो. ब्लॉकची प्लॅस्टिक टोपी वा सील त्याने उखडू शकते. म्हणून खटका सावकाश दाबावा व अडथळा जाणवताच थांबावे. दाबाखालील ग्रीस त्वचेखाली शिरल्यास जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी ती गंभीर असते. दुखत नाही म्हणून न थांबता तत्काळ रुग्णालयात जावे.

ब्लॉक रुळावरून उतरवून साफ करणे हा शेवटचा मार्ग मानावा. अनेक ब्लॉकांत छर्रे अडवून ठेवणारी तार असते, तथापि सर्वांत नसते. रुळाच्या आकाराची प्लॅस्टिक पट्टी टोकाला लावून ब्लॉक तिच्यावर सरकवावा, म्हणजे छर्रे सांडत नाहीत. शिवाय ब्लॉक पुन्हा बसविल्यावर अक्षांचा काटकोन नव्याने जुळवावा लागतो, हे श्रमही हिशोबात धरावेत.

९. निष्कर्ष

१. हौशी सीएनसी राउटरमध्ये रेषीय बेअरिंगवरील भार त्याच्या क्षमतेच्या मानाने अत्यल्प असतो. त्याच्या निकामी होण्यामागे वंगणाचा अभाव, धूळ, गंज व अल्पचाल ही कारणे असतात.

२. बाहेरून तेलकट दिसणारा रूळ हा ब्लॉकमध्ये वंगण असल्याचा पुरावा नव्हे. सीलच्या काठावर आलेले नवे ग्रीस हाच विश्वसनीय पुरावा होय.

३. उभ्या अक्षाचे ब्लॉक सर्वाधिक दुर्गम व सर्वाधिक गरजू असतात. त्यांची वंगणव्यवस्था जोडणीपूर्वी ठरविणे आवश्यक आहे.

४. दूरनळी उपयुक्त आहे. मात्र नळी आधी भरणे व प्रत्येक ब्लॉकला स्वतंत्र नळी देणे या दोन अटी पाळल्या तरच.

५. क्वचित चालणार्‍या यंत्रासाठी वंगणाचा कालावधी अंतरावर नव्हे, तर महिन्यांवर ठरवावा.

१०. समारोप

यंत्राच्या आराखड्यात सामर्थ्य, अचूकता व खर्च यांचा विचार अग्रक्रमाने होतो. देखभाल करणार्‍या हाताला जागा ठेवण्याचा विचार मात्र मागे पडतो. मोठ्या उद्योगात आरेखक व देखभाल करणारा या दोन व्यक्ती असतात. हौशी यंत्राच्या बाबतीत त्या बहुधा एकच असतात, आणि हीच त्याची जमेची बाजू आहे. जो पट्टी कापतो, त्यालाच पुढे तिच्यामागे ग्रीस द्यावयाचे असते. पट्टी बसविण्यापूर्वी प्रत्येक निपलपर्यंत ग्रीसगनचे तोंड एकदा नेऊन पाहणे आणि ते पोहोचत नसल्यास त्याच वेळी भोक पाडणे, एवढी तपासणी काही मिनिटांची आहे. महाविद्यालयीन कर्मशाळांत विद्यार्थ्यांकडून यंत्रे जोडून घेताना ही तपासणी जोडणीच्या क्रमातच समाविष्ट केल्यास पुढील अनेक ब्लॉक व त्यांच्याखालील अनेक फळ्या वाचतील.